एका मण्याला एक चिमूट

सोमवार, १६ मे १९६०. दुपारी ४.

रायपूरहून पॅसेंजरने नव्या पोलाद कारखान्याच्या गावी आलो. पावर हाउसच्या बाजारात लॉज मिळाला. खोली नंबर सात. दोन खाटा, एक खिडकी, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. मॅनेजर श्यामराव दुर्गचे, आपलेच मराठी. ‘जेवणासह’ आणि ‘बिनजेवण’ असे दोन दर. बिनजेवण घेतला. माणशी एक बादली पाणी. देवांसाठी तिसरी मागितली. श्यामराव रजिस्टर पाहून म्हणाले, वहिनी, देवांचं नाव यात नाही. म्हटलं, लिहून घ्या. हसले. लिहिलं नाही.

चार दिवसांचं काम. शिकाऊ सुपरवायझरांच्या एका होस्टेलात तीनशे पानांची मेस आहे. पोरं घरापासून लांब, घरच्यासारखं लोणचं मागतात, असं यांच्या ओळखीच्या एकाने सांगितलं. ते मी देणार. ऑर्डर मिळाली की इथेच जवळ, रुआबांध्याला, एक खोली. वेगळं बिऱ्हाड, स्वतःची चूल. मालगुजाराची कचेरी बंद होऊन यांची कारकुनी गेली, तेव्हापासून आठ वर्षं मोठ्या भाऊजींच्या घरात आहोत. तिथे जाऊबाई मला चुलीपाशी येऊ देत नाहीत. कमला, तू आपली वाती वळ, म्हणतात. माझ्या हातांना त्रास नको म्हणून. फक्त लोणच्याचं खातं माझं. त्यातल्याही दोन बरण्या जाऊबाई दर वर्षी मठात दान करतात. पुण्य माझं आणि दान त्यांचं, पण मी बोलत नाही.

रुआबांध्याला देव ईशान्येला ठेवायचे. ठरलं. खोली अजून पाहिलेली नाही.

जप ११ माळा.

मंगळवार, १७ मे.

हे नऊला बरणी घेऊन गेले. काय बोलायचं ते कागदावर लिहून दिलं, सात मुद्दे. यांना बोलण्याची सवय नाही. मीच गेले असते, पण ऑर्डर पुरुषाच्या नावे निघते.

तीनला परत. विचारलं, काय म्हणाले? म्हणाले, मुरू द्या म्हणाले. जाणकार माणूस दिसतो. कागद यांच्या खिशात तसाच, घडी न मोडलेला. वाटेत पाठ झाला असेल.

पद्धत लिहून ठेवते. व्याप वाढला, हाताखाली बाया ठेवाव्या लागल्या, तर उपयोगी पडेल. आई लोणच्यात नाम घेत मीठ सोडायची. एका नामाला एक चिमूट. एकवीस नामं झाली की थांबायची. आईला सात मुलं, तेवढीच सवड. मी पूर्ण माळ करते. एका मण्याला एक चिमूट, एकशेआठ. नाम जास्त झालं म्हणून कुणाचं वाईट झाल्याचं ऐकलं नाही. माळ चालू असताना मी बोलत नाही, दुसऱ्याने मध्ये बोललेलंही चालत नाही. चाखणं तर नाहीच. उष्टं देवाला चालत नाही, गिऱ्हाइकाला कसं चालेल?

पानात वाढल्यावरही चवीकडे माझं लक्ष नसतं. अठ्ठेचाळीस साली घरात मुदतीचा ताप आला. आमची लेक कांता गेली, मी राहिले. तेव्हापासून जिभेचे लाड संपले. खीर काय नि पेज काय. लोकांना यासाठी वर्षानुवर्षं साधना करावी लागते. मला आपोआप आलं. माळेची पद्धतही तेव्हापासूनचीच.

जप ११.

बुधवार, १८ मे.

देवांवर लाल धूळ. सकाळी पुसले, दुपारी पुन्हा तांबडे. बाळकृष्ण ओळखू येत नाही.

खोली आठमध्ये देवीदास आणि सत्यशीला, भंडाऱ्याकडचे. तो प्लांटात खलाशी, लोखंडी सामान वर चढवतो. क्वार्टर मिळेपर्यंत इथे. बौद्ध आहेत. भिंतीवर बुद्धाचं चित्र आणि मेणबत्ती, बस. मी तसलं काही मानत नाही. मॅट्रिक झालेल्या बाईने मानूही नये. नळापाशी सगळ्यांचे माठ असतात, त्यातला माझा मी खोलीत आणला, तो धुळीमुळे. सत्यशीला म्हणाली, “धूळ तं खोलीतबी हाय ना काकू.” पोरगी हुशार आहे. मी विषय बदलला.

हे मेसकडे जाऊन आले. अजून मुरतंय म्हणाले.

शुक्रवार, २० मे.

चार दिवस संपले. आणखी चार लागतील असं मला पहिल्यापासून वाटत होतं.

आज हे म्हणाले, त्यांना थोडं वेगळं हवं आहे. वेगळं म्हणजे काय? म्हणाले, वेगळं. मग पंख्याकडे बघत बसले. पंखा बंद आहे. बऱ्याच वेळाने म्हणाले, मीठ.

मीठ कमी पडलं असणार. आंबा मीठ ओढतो, त्यात प्रवास. नवा नमुना इथेच घालायचा. बाजारात कैऱ्या बऱ्या आहेत. यावेळी कसर नको. दोन माळा.

जप ११.

शनिवार, २१ मे. एकादशी.

उपास. लोणचं घातलं. दोन माळा मीठ झालं. मधे एकदा मणी निसटला, म्हणून दुसरी पहिल्यापासून धरली. म्हणजे पावणेतीन म्हणता येतील.

फोडणीसाठी वळकटीतला स्टोव्ह काढला. भिंतीवर पाटी आहे, खोलीत स्टोव्ह पेटवू नये. पाटी स्वयंपाकासाठी आहे. हा नैवेद्याचा. मोहरी तडतडली आणि श्यामराव खोकत दाराशी आले. म्हणाले, वहिनी, आग लागली काय? म्हटलं, धूप घालते आहे. म्हणाले, धुपात मोहरी अन् हिंग? म्हटलं, आमच्याकडे घालतात. खोटं बोलल्याबद्दल एक माळ जास्त.

जप १२.

सोमवार, २३ मे.

हे नवी बरणी घेऊन सकाळी आठलाच गेले. संध्याकाळी सहाला परत. इतका वेळ लागला म्हणजे बोलणी पुढे गेली. चेहरा उजळ दिसला, बोटांना शाई होती. विचारलं, शाई कसली? म्हणाले, लिहावं लागलं. ऑर्डरचा कच्चा मसुदा असणार. आता मधे मधे विचारून त्रास द्यायचा नाही, असं ठरवलं.

रात्री भात-लोणचं वाढलं. भूक नाही म्हणाले. आनंदाने भूक जाते.

मंगळवार, २४ मे.

मीठ संपलं. शुक्रवारी दीड शेर आणलेलं. लोणच्याला लागून शेरभर तरी उरायला हवं. खोलीला कुलूप असतं, पण किल्ली श्यामरावांकडेही आहे. माणसाच्या मनाचा काय भरवसा. शंका कुणाला बोलून दाखवली नाही. नवीन मीठ देवांच्या पेटीत ठेवलं.

हे सकाळी गेलेत ते अजून नाहीत. सत्यशीला नळावर म्हणाली, काका परवा अन् काल आमच्याकडं जेवले ना. मला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं, देवीदास कामावरून येताना हे त्यांना भेटतात, मग बसतात. म्हणाली, “वरण-भातच व्हता, काकू. पण काका दोनदा मागून घेतेत.”

घरी हे कधीच मागून घेत नाहीत. पहिल्या वाढण्यातच तृप्ती होते. परक्या घरी संकोचाने जास्त खावं लागतं. यांना बोलले नाही. आजकाल मीही तसलं काही मानत नाही, ते वर लिहिलंच आहे.

जप ११.

बुधवार, २५ मे. अमावास्या.

सत्यशीलाने बोलावलं. गेले. चहा पुढे केला. म्हटलं, माझा नियम आहे. तिने कप उचलून स्वतः प्यायला. रागावली नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं, की काय, नीट कळलं नाही.

यांनी तिला आपलं लोणचं वाटीभर दिलं होतं. ती म्हणाली, “काकू, एक गोष्ट सांगू काय? राग नका धरू. मिठाची खाण हाय थे. माह्या जिभेचं सालटं निघालं.” देवीदास खाटेवर बसून जोड्याची नाडी सोडत होते. म्हणाले, “तू गप वो. काकू, भट्टीपाशी काम करनाऱ्यायले मिठाच्या गोळ्या देतेत. घाम लई जाते ना. तुमचं लोनचं असन तं गोळ्या बंद करा लागतीन.” दोघं हसले.

म्हणजे औषधी गुण आहे. हे मला सुचलं नव्हतं. सातात आठवा मुद्दा म्हणून यांना लिहून दिला. यांनी वाचला, घडी केली, खिशात ठेवला.

सत्यशीलाचं म्हणणं मनावर घ्यायचं नाही. तिखट-मसाल्याची सवय असली की साधं मीठही झोंबतं. पण ऑर्डरचं अजून नक्की नाही, याचा अर्थ नमुन्यात नाम कमी पडतंय. उद्या तिसरी बरणी. तीन माळा.

गुरुवार, २६ मे.

घातली. तीन पूर्ण. हाताला चरे पडले. कैरीच्या फोडी पांढऱ्या दिसतात, थंडीत दहिवराने गवत दिसतं तशा. शोभून दिसतं.

हे दाराशी उभं राहून बघत होते. दोनदा तोंड उघडलं. माळ चालू होती, मी हाताने थांबवलं. झाल्यावर विचारलं, काय म्हणत होतात? म्हणाले, काही नाही.

जप ११. मिठाच्या तीन धरल्या तर १४.

शुक्रवार, २७ मे. सकाळ.

बरणी घेऊन मी स्वतः जाते. हे आठलाच गेले, न सांगता. बरणी इथेच राहिली. विसरले असतील.

शुक्रवार, संध्याकाळ.

सायकल रिक्षाने गेले. होस्टेल लांब आहे. बाहेर पोरं ओळीने ताटं धूत होती. मेसचे मॅनेजर धोंडबा इंगळे, वऱ्हाडातले. पोट मोठं, आवाज मोठा. मी नाव सांगितलं तसे उठून उभे राहिले. “या या वैनी! चिंतामणराव आत हायेत. बोलावतो.”

आतल्या खोलीत हे टेबलापाशी बसले होते. समोर स्टोअरचं रजिस्टर. तांदूळ, तूरडाळ, बटाटे, यांच्या अक्षरात. सोमवारपासूनचं. यांचं अक्षर मला बावीस वर्षं ओळखीचं आहे.

मी इंगळ्यांना म्हटलं, ऑर्डरचं काय? त्यांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी बटाट्यांकडे पाहिलं.

इंगळे म्हणाले, “वैनी, आता खरं सांगतो, रागावू नका. थे लोनचं पोरायले दिलं असतं तं सारी मेस पान्याच्या टाकीवर जाऊन पडली असती. मी पहिल्याच दिवशी चिंतामणरावांले म्हनलं, तुमी सोता खाऊन पाह्यलं काय हो? थे म्हनले, बारा वर्षं. म्या म्हनलं, अन् घरी बोलले नाही? थे म्हनले, नाही.” इथे इंगळे मोठ्याने हसले. “म्या म्हनलं, हाच मानूस पाह्यजे आपल्याले! तीनशे पोरं दिवसभर कटकट करतेत. भाजी पातळ हाय, पोळी कच्ची हाय. आमचा पहिला स्टोअरकीपर ऐकून ऐकून पळाला. हे ऐकून घेतीन अन् रजिस्टर लिहितीन. रहायले मागं खोली हाय. एका खाटेची. फ्यामिली नाही चालत.”

मी म्हटलं, तुम्ही जुना नमुना खाल्ला. हा नवा बघा. बरणी उघडली. ते म्हणाले, नका वैनी. मग मीच चमचा घेतला आणि खाल्लं. तीन-चार पोरं दारात येऊन उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मला काही झालं नाही. दुसरा चमचा खाल्ला. इंगळ्यांचं हसू थांबलं. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. मला नको होता. तिसरा चमचा भरला तेव्हा हे उठले आणि माझ्या हातातून चमचा काढून घेतला. हळूच. बारा वर्षांत यांनी मला काही करताना थांबवलेलं आठवत नाही.

त्यांना वाटलं, हिला चवच कळत नाही. हा संयम आहे, हे मी सांगत बसले नाही. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

इंगळे यांना म्हणाले, चिंतामणराव, आज लवकर जा. वैनींना घेऊन जा.

रिक्षात विचारलं, बारा वर्षांत सांगितलं का नाहीत? यांनी बरणीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाले, तू माळ ओढत असायचीस. मध्ये बोललेलं चालत नाही ना.

पुढे म्हणाले, आणि तेव्हा तू फक्त लोणचं घालतानाच उठून बसायचीस. बाकी दिवस भिंतीकडे तोंड असायचं.

मला हे आठवत नाही. यांची आठवण कच्ची आहे.

जप राहिला.

शनिवार, २८ मे.

ठरलं ते असं. हे इथे राहणार, मी रायपूरला जाणार. दर रविवारी येईन म्हणाले. लॉज सोडताना श्यामराव म्हणाले, वहिनी, सांभाळून जा. त्यांच्यावर मिठाचा संशय घेतला होता, तो मनातल्या मनात मागे घेतला. पूर्ण नाही.

सत्यशीलाने वाटेसाठी फडक्यात काही बांधून आणलं. म्हणाली, “नियम अशीन तं काकांले द्या.” घेतलं. हे म्हणाले, मला मेसमध्ये आहे. गाडीत चरोदा स्टेशनापर्यंत फडकं मांडीवर तसंच ठेवलं. मग उघडून खाल्लं. भाकरी आणि कसली तरी चटणी. मऊ होतं. बाकी सांगता येणार नाही. प्रवासात नियम शिथिल असतो.

विचार केला तर सगळं ठरल्याप्रमाणेच झालं. नोकरी हवी होती, मिळाली. वेगळं बिऱ्हाड हवं होतं, झालं. यांचं.

रविवार, ५ जून. निर्जला एकादशी.

हे आले नाहीत. स्टोअरची मोजणी असेल. मागच्या रविवारीही असणार.

जाऊबाईंना सांगितलं, लोणच्याच्या ओळखीवरच यांना नोकरी लागली. खोटं नाही. जाऊबाई म्हणाल्या, देवाचीच कृपा. मग म्हणाल्या, यंदा लोणचं मी घालीन म्हणते, तुझी दगदग झाली आहे. म्हटलं, बरं.

जप २१. वेळ आहे.

गुरुवार, ९ जून. वटपौर्णिमा.

वडाला सात फेरे. हाच पती मागितला. बायका भराभर फिरत होत्या, मी सावकाश. बाराला घरी आले तर यांचं पोस्टकार्ड आलेलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, यांनी मला लिहिलेलं हे पहिलं पत्र.

पूर्ण कार्ड भरलेलं आहे, पत्त्याच्या बाजूलाही बारीक अक्षरात. सोमवारी भरली वांगी होती, शेंगदाण्याचं कूट सढळ. मंगळवारी कढी, जरा आंबट पण गरम भातावर चांगली लागली. बुधवारी मद्रासी आचाऱ्याने सांबार केलं, त्यात शेवग्याच्या शेंगा. पोरं नावं ठेवतात, मला मात्र सगळंच आवडतं. शुक्रवारी खीर, वेलची घातलेली. दोनदा घेतली. तुझी प्रकृती कशी आहे.

दोनदा वाचलं. हे इतकं बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं.

जाऊबाई ओसरीवर फोडी करत होत्या. म्हणाल्या, काय लिहितात?

म्हटलं, जेवतात.